रान, रण आणि खाजण

पेण तालुक्यात खाडीच्या एका बांधावर उभा राहून मी समोरच्या हिरव्या पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि भेटेल त्याला विचारलं, "याला काय म्हणायचं?" चिंबोऱ्यांची पाटी घेऊन निघालेल्या बाई थांबल्याही नाहीत. "तिवरं ती," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान हलवली. "आमचं खाजण ते. बापाच्या वेळी भात पिकायचा तिथं." वनखात्याची पाटी जवळच होती, तिच्यावर "कांदळवन" असं लिहिलेलं. आणि त्याच जमिनीचा सातबारा पुढे पाहिला, तेव्हा त्यात "पोटखराब" हा शब्द होता.

चारही उत्तरं खरी होती. बाईंनी झाडाचं नाव सांगितलं, शेतकऱ्याने जमिनीचं. पाटीवरचा शब्द झाडांच्या दाटीचा होता आणि सातबाऱ्यावरचा महसुलाच्या हिशेबाचा. जमिनीवर जे वाढतं त्याचा शब्द वेगळा आणि ते ज्या ओल्या, खचत्या भुईवर वाढतं तिचा शब्द वेगळा, हे भान मराठीत फार जुनं आहे. अलीकडे आपण ते सोडत चाललो आहोत आणि त्याची किंमत खाडीकाठी, माळावर, उसाच्या शेतातही मोजली जाते आहे.

सुरुवात "जंगल" या शब्दापासूनच करायला हवी, कारण त्याचा प्रवास थक्क करणारा आहे. जंगल म्हटलं की आज डोळ्यांसमोर घनदाट झाडी येते, वेली लोंबताहेत, खाली ओल आहे, ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही. मूळ संस्कृत शब्द "जांगल" आणि त्याचा अर्थ नेमका उलटा: कोरडी, मोकळी, विरळ झाडांची जमीन. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात भूमीचे तीन प्रकार सांगितले आहेत, जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे जिथे आकाश मोकळं आहे, वारा कोरडा आहे, मृगजळ दिसतं, खडे-वाळू आहे, आणि खैर, बोर, धावडा, शमी अशी झाडं आहेत. तित्तिर आणि लावे हे तिथले पक्षी. आनूप म्हणजे पाण्याच्या अंगाची भूमी: नदीकाठ, समुद्रकाठ, नारळ, केळी, तमाल, थंड वारा, हंस आणि बगळे. या दोन्हींचे गुण ज्यात मिसळले आहेत तो साधारण देश. कोणत्या भूमीतली वनस्पती औषधाला घ्यायची, कोणत्या भूमीतल्या माणसाला कोणता विकार जास्त, हे सगळं या विभागणीवर उभं होतं. जांगल देशात वात-पित्ताचं प्राबल्य, आनूपात कफ-वाताचं. वैद्याला रोग्याची नाडी पाहण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन ठाऊक असावी लागे.

फ्रेंच अभ्यासक फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ साली याच विषयावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. जुन्या भारतीयांच्या लेखी जांगल ही राहण्याला उत्तम, निरोगी भूमी होती, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. मनुस्मृतीत काळवीट जिथे आपणहून वावरतो तो प्रदेश यज्ञाला योग्य मानला आहे, आणि काळवीट दाट झाडीत राहत नाही. तो गवताळ माळावर राहतो. मराठी वाचकाला असा माळ शोधायला लांब जायला नको. कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यात उभं राहिलं की खुरट्या बाभळी, वाळलेलं गवत आणि त्यात मान वर काढून बघणारे काळवीट दिसतात. चरकाचा जांगल देश तो हाच. तिथे हिरवं दिसावं म्हणून दाट झाडं लावणं म्हणजे काळविटाचं घर मोडणं. "जंगल वाढवा" असं म्हणताना आपण शब्दाच्या मूळ अर्थावरच घाव घालत असतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मग कोरड्या जांगलाचं ओलं जंगल कसं झालं? जांगल ही झाडोऱ्याची, पण न नांगरलेली जमीन होती. नांगर न लागलेली म्हणून ओसाड, ओसाड म्हणून झाडोऱ्याने भरलेली, असा अर्थ हळूहळू सरकला. अठराव्या शतकात इंग्रजांनी शब्द उचलला तेव्हा तो खुरट्या झाडोऱ्यापासून दाट अरण्यापर्यंत कशालाही लागत होता. पुढे तो जगभर फिरला आणि पावसाच्या प्रदेशातल्या घनदाट झाडीला चिकटला. जमिनीचा शब्द झाडीचा झाला.

"आनूप" मात्र मराठीच्या तोंडून गळून पडला. अनु म्हणजे लगत आणि अप् म्हणजे पाणी, इतकी साधी फोड असलेला हा शब्द. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध लेख आहे, त्यात तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या ताब्यातल्या प्रदेशांच्या यादीत अपरांत आणि विदर्भाबरोबर अनूपही आहे. हा अनूप नर्मदेकाठचा, माहिष्मतीच्या आसपासचा. एका मोठ्या नदीलगतच्या प्रदेशाला तिच्या ओलाव्यावरूनच नाव पडलं होतं. अमरकोशात अनूपाच्या शेजारी त्याच अर्थाचा आणखी एक शब्द बसवला आहे, "कच्छ". तो शब्द आजही नकाशावर आहे.

कच्छचं नाव निघालं की रणही निघतं, आणि इथे मराठी माणसाची गंमतशीर फसगत होते. रान आणि रण हे शब्द कानाला इतके जवळचे की एकाच कुळातले वाटावेत. पण रान आलं "अरण्य" पासून, प्राकृतातल्या "रण्ण" वरून. आणि कच्छचं रण अभ्यासक जोडतात ते "इरिण" या वैदिक शब्दाशी. इरिण म्हणजे खारट, नापीक भुई. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक नाविक-पुस्तकात या भागाला "इरिनोन" म्हटलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्यावरचा परदेशी खलाशीसुद्धा जमिनीचंच नाव विचारत होता. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, उन्हाळ्यात मिठाचा पांढरा पापुद्रा, मैलोन् मैल झाड नाही, अशा जागेला झाडीवरून नाव पडणार तरी कसं?

रान शब्दाचंही एक वैशिष्ट्य सांगायला हवं. अरण्य म्हणजे आधी गावाबाहेरचा मुलूख. झाडं असणं ही अट त्यात नव्हती. मराठीने तो मोकळेपणा जपला. "आबा रानात गेलेत" म्हणजे शेतावर गेलेत. "रान पेरून झालं", "रान मोकळं केलं", "रान पेटलं" ही तीन वाक्यं एकाच गावात, एकाच दिवशी ऐकू येतात आणि तिन्हींतलं रान वेगळं असतं. शहरात वाढलेल्या मुलाला रान म्हणजे जंगल एवढंच शिकवलं जातं, तेव्हा शेत गळून जातं. आणखी एक जुनी गोष्ट. संस्कृतात "वन" म्हणजे पाणीसुद्धा. अमरकोशात पाण्याच्या नावांत वन आहे, आणि म्हणूनच कमळाला वनज म्हणतात. ज्या भाषेत वन हे झाडीचंही नाव होतं आणि पाण्याचंही, तिच्या वारसदारांनी ओली जमीन विसरावी हे पटत नाही.

आता पुन्हा खाडीवर येऊ, कारण तिवर नीट पाहिल्याशिवाय हा फरक पायाला कळत नाही.

ओहोटीला तिवरांच्या कडेने चालायला गेलं की पहिल्या चार पावलांत चप्पल चिखलात राहते. वरचा थर करडा, बोटभर खाली गेलं की काळाकुट्ट, आणि त्याला कुजक्या अंड्याचा वास. तो वास घाणीचा नव्हे. या गाळात हवा शिरत नाही, प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून हा वायू सुटतो. अशा गुदमरलेल्या गाळात मुळांनी श्वास कसा घ्यायचा? तिवराने उत्तर काढलं: जमिनीखाली पसरलेल्या मुळांतून वर, चिखलाबाहेर, पेन्सिलीसारखी शेकडो टोकं उभी केली. ही श्वासमुळं. ओहोटीत ती हवा घेतात, भरतीत बुडतात. तिवराचं एक पान तोडून त्याला जीभ लावा, मीठ लागेल. कडक उन्हात तर पानावर मिठाचे कण डोळ्यांनी दिसतात. झाड नको असलेलं मीठ पानांतून बाहेर टाकतं.

कांदळाचं उत्तर निराळं. त्याच्या खोडातून कमानीसारखी मुळं निघतात आणि झाड पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. त्याचं बी झाडावरच रुजतं. हिरव्या शेंगेसारखे लांब अंकुर फांदीला लोंबत राहतात आणि पडले की कधी तिथेच चिखलात रुततात, कधी भरतीबरोबर दूर जातात. चिपीची श्वासमुळं तिवरापेक्षा जाड, सुळक्यासारखी. याच चिपीतल्या पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला. काजळा, मारांडी, झुंबर अशी आणखी किती तरी मंडळी या दाटीत आहेत. प्रत्येकाचं नाव कोळ्यांना, आगऱ्यांना ठाऊक आहे. या सगळ्यांना मिळून खारफुटी किंवा कांदळवन म्हणायचं, हे पुस्तकी असलं तरी नीट बसणारं आहे. पण खारफुटी म्हणजे झाडंच. चिखल म्हणजे खारफुटी नव्हे.

आणि खाजण म्हणजे निव्वळ चिखलही नव्हे. गोव्यात हा शब्द किती नेमका आहे ते पाहावं. खाडीलगतच्या भरतीखालच्या जमिनीला दगड-मातीचा बांध घालायचा, त्यात मानस बसवायचं. मानस म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं लाकडी दार. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. पावसाचं गोडं पाणी जमिनीतलं मीठ धुऊन नेतं, मग कोरगुटसारखं खारं पाणी सोसणारं भात लावतात. भात निघालं की काही ठिकाणी खारं पाणी आत घेऊन सुंगटं आणि मासळी धरतात. सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन गोव्यात अशी उभी राहिली आणि गावकरीच्या संस्थांनी शतकानुशतकं तिचे बांध सांभाळले. रायगडात शब्द वेगळे, काम तेच. बांधाला खारबंदिस्ती म्हणतात, दाराला उघाडी, आणि उधाणाने बांध फुटला की "खांडी गेल्या" म्हणतात. अलिबाग-पेण पट्ट्याला खारेपाट हे नावच या जमिनीवरून पडलं. महाराष्ट्राने १९७९ साली खारजमीन विकासाचा वेगळा कायदा केला, तोही याच जमिनीसाठी.

खांडी गेल्या आणि कुणी बुजवल्या नाहीत की काय होतं? खारं पाणी शेतात येतं आणि राहतं. एक-दोन वर्षांत भाताची खोडं कुजून जातात. पाण्याबरोबर तिवराच्या बिया येतात. पाच-सात वर्षांत कमरेएवढी तिवरं उभी राहतात, आणि जे खाजण होतं ते कांदळवन होतं. मग वनखात्याची पाटी येते. म्हाताऱ्या शेतकऱ्याची मान हलली होती ती यासाठी. त्याच्या लेखी जमिनीचं नाव बदलायचं काही कारण नव्हतं, फक्त वर उगवलेलं बदललं होतं. मला तिवरं हवीच आहेत. पण खांड पडल्याबरोबर बांध दुरुस्त केला असता तर शेतही राहिलं असतं आणि बांधाबाहेरची तिवरंही, आणि दोघांना भांडायची वेळ आली नसती.

कायद्याने झाडाचा शब्द धरला आणि तो धरायलाच हवा होता. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की वन म्हणजे शब्दकोशात जे वन ते. नोंदीत काय लिहिलं आहे यावर ते अवलंबून नाही. शब्दकोशाला एवढं वजन क्वचितच मिळालं असेल. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने राज्यभरातल्या कांदळवनांची तोड थांबवली, त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखला आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात हे संरक्षण कायम केलं. २०१२ साली राज्यात कांदळवन कक्ष उभा राहिला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर भरलं. हे मोठं यश आहे आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात चकरा मारल्या त्यांचे आपण ऋणी आहोत.

पण झाडाविना असलेल्या ओल्या जमिनीचं काय? पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम वाचले तर भातशेती त्यातून वगळलेली, मिठागरं वगळलेली, सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले तलाव वगळलेले. खाजण, म्हणजे बांधातलं भात आणि मासळी, पाणथळीच्या व्याख्येतून निसटतं. मिठागरातही हिवाळ्यात पाखरांचे थवे उतरतात. पाखरांना व्याख्या ठाऊक नसते.

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हे याचं सगळ्यांत दिसणारं उदाहरण. लोक ऐरोलीला बोटीत बसून रोहित बघायला जातात आणि परत येऊन कांदळवनाचे फोटो दाखवतात. रोहित तिवरावर बसत नाही, तिवरात चरत नाही. तो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर उतरतो, चोच उलटी करून गाळातलं शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. त्याला झाडाविना चिखल हवा. २०१५ साली ठाणे खाडी रोहित अभयारण्य जाहीर झालं ते १,६९० हेक्टरचं: ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र. ही विभागणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. झाडं आहेत, पाणी आहे. ज्या चिखलासाठी पाखरू येतं त्याला तिसरा रकानाच नाही. भरतीत तो पाण्यात मोजला जातो, ओहोटीत कुठेच नाही. खाडीत गाळ साचत जातो तशी तिवरं पुढे सरकतात आणि उघडा चिखल आक्रसतो. झाडं वाढली म्हणून आनंद मानणाऱ्याला हा तोटा दिसणारच नाही, कारण त्याच्याकडे त्या चिखलाचा शब्दच नाही.

घाटावर उलटा अनुभव येतो. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात शेतकरी जमिनीच्या दुखण्याचे तीन शब्द वापरतो. मीठ वर आलं तर खारवट, सोडियमने माती घट्ट होऊन पाणी जिरेनासं झालं तर चोपण, आणि पाण्याचा निचराच न होता जमीन सदाची ओली राहिली तर चिबड. "रान चिबडलं" हे वाक्य तो फार जड मनाने उच्चारतो. पाट आला, पाणी मुबलक झालं, उसाला ते भरमसाट दिलं गेलं, आणि पाण्याची पातळी वर येऊन मुळांना भिडली. अशा शेतात आधी लव्हाळा माजतो, मग कडेच्या चरात पाणकणीस उभं राहतं. झाडोरा इथे जमिनीची चुगली करतो. हुशार शेतकरी लव्हाळा खुरपत बसत नाही, तो चर खणतो किंवा जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून पाणी बाहेर काढतो. दुखणं कुठल्या शब्दाचं आहे हे ओळखलं की औषध आपोआप ठरतं.

झाडी आणि दलदल एकाच जागी नांदतात अशीही ठिकाणं आहेत. इंग्रजीत झाडांच्या दलदलीला स्वॅम्प आणि गवताच्या दलदलीला मार्श म्हणतात, आपण दोघींना दलदल म्हणून मोकळे होतो. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत गोड्या पाण्याच्या दलदलीत रानजायफळाची उंच झाडं उभी आहेत. मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि पुन्हा खाली शिरतात. महाराष्ट्रातही दोडामार्गच्या बांबर्डे गावात अशीच राई सापडली. गावाने या जागा देवाच्या म्हणून राखल्या, राई म्हणून राखल्या. कुणी तो चिखल भरून काढला नाही, झरा वळवला नाही. झाडाच्या शब्दाने जमीनही वाचली, असं मला माहीत असलेलं हे उत्तम उदाहरण.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावात जिथे पाणी मुरतं, साचतं किंवा परततं अशा जागांची नावं यंदाच्या पावसाळ्याआधी विचारून लिहून काढा: लवण, म्हणजे सखल भाग, कुठे, चिबड कुठे, खाजण कुठे, कोणत्या वर्षी कुठली खांड पडली. झाडांची यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल. ही नावं सांगणारी माणसं बहुतेक गावांत आता सत्तरीच्या पुढची आहेत.